वडगावला दिलेला नारळ

पुणे, ११ जानेवारी

ती. गणपतमामा,

सा. न.

तुम्ही फोनवर नुसतं "व्हय, व्हय" म्हणता आणि मी काय बोलले ते नंतर शेजारच्या सलमाभाभींना विचारता, हे मला कळलंय. कानाचं यंत्र कपाटात ठेवणाऱ्या माणसाशी महत्त्वाचं बोलायचं तर पत्रच लिहायला हवं.

बातमी अशी की मला कोल्हापुरात नोकरी मिळाली. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जूनमध्ये रुजू व्हायचंय. धैर्यशीलचं काम संगणकावरचं, घरून चालतं. नेट असलं की तो कुठंही राहील. मोनाला तिसरीत घालायचंय. म्हणजे आम्ही तिघंही आता तुमच्या जिल्ह्यात येतोय.

पण मला शहरात राहायचं नाही. पुण्यात माझे रोज तीन तास रस्त्यावर जातात. मोना झोपेत असताना मी निघते आणि ती झोपायला आली की पोचते. आता मला छोटं गाव हवं. भाजी, शाळा, किराणा सगळं पायी जाण्यासारखं, आणि कोल्हापूरहून दिवस मावळायच्या आत घरी पोचता येईल असं. तासाच्या वर प्रवास नको. धैर्यशीलनं एक वर्षाची बोली केली आहे, नाही जमलं तर परत पुणं. त्यामुळे गाव पहिल्या दमात बरोबर निवडायला हवं. बियाण्याच्या कंपनीच्या फिरतीवर तुम्ही सगळा जिल्हा पायाखाली घातलाय. तुम्हीच चार गावं बघून कळवा. फक्त कुरुंदवाड त्यात धरू नका.

आणि आता मुख्य गोष्ट. गाव कुठलंही ठरो, तुम्ही आमच्याबरोबर राहायला यायचं. मामी गेल्यापासून तुम्ही त्या नदीकाठच्या घरात एकटे आहात. पावसाळा लागला की माझी झोप उडते. तुम्ही त्या घरात एकटं राहू नये एवढंच मला हवंय. ही विनंती समजू नका, मी तुमचीच भाची आहे.

तुमची,
स्वप्नाली


कुरुंदवाड, १९ जानेवारी

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. पत्र पोचलं. शेजारच्या अमीनला वाचून दाखवलं. त्यानं शिटा भरलेली वडापची जीप तशीच रस्त्यात उभी करून पेढे आणले आणि गाडीतल्या पावण्यांनाही वाटले. कोल्हापूरला येतेस हे उत्तम केलंस. पुण्याला तू गेलीस तेव्हाच मी म्हटलं होतं की ही पोरगी परत येईल, फक्त वेळ लावेल.

गावं बघायचं काम घेतलं. माझ्या मते गाव बघणं आणि स्थळ बघणं एकच. आधी कळवून गेलं की सगळे नटून बसतात. म्हणून न सांगता जायचं, बाजार उठल्यावर जायचं, आणि चहाच्या टपरीवर बसून लोक एकमेकांशी कसे भांडतात ते बघायचं. मला ऐकू येत नाही, पण भांडण बघून कळतं. ज्या गावात भांडून झाल्यावर लोक तिथंच बसून राहतात ते गाव चांगलं. अमीन गाडी घेऊन यायला तयार आहे.

कुरुंदवाड वगळलंस तेही बरं केलंस. पुण्यात राहिलेल्या जावयाला आमचं गाव कशाला चालेल? मी कारण विचारत नाही आणि तूही लिहू नकोस.

तुमच्याबरोबर राहायचं म्हणशील तर ते होणार नाही. मामानं भाचीच्या घरी दिवाळीला जावं, चार दिवस राहावं, जावयाशी राजकारणावरून भांडावं आणि परत यावं. जावयाच्या दारात रोज माझ्या चपला दिसल्या तर तुझ्या शालूमामीला वर बसून लाज वाटेल. आणि या घराला झालंय काय? पाणी येतं आणि जातं. भिंतीवर शालूच्या हातच्या रेघा आहेत. त्या सोडून मी कुठं जाऊ?

या विषयावर पुन्हा लिहिलंस तर गावं बघायचं काम बंद.

तुझा,
गणपतमामा


पुणे, १ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. न.

तुम्ही विचारत नाही म्हणून मी सांगते. धैर्यशीलचा काही संबंध नाही. वाडीची बासुंदी रोज मिळणार असेल तर तो दत्ताच्या देवळाच्या पायरीवर बसूनही काम करेल. कुरुंदवाड नको म्हणाले ती मी.

एकोणीसच्या महापुरात तुमचा आणि मामीचा फोन लागेना. टीव्हीवर नुसती छपरं दिसायची आणि मी त्यात तुमचं छप्पर शोधायची. शेवटी अमीनभाईंचा फोन आला की चाचा-चाची शिरोळच्या शाळेत आहेत, चाचा जेवणावरून भांडतायत, म्हणजे ठणठणीत आहेत. तो फोन येईपर्यंत माझं काय झालं ते कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून कुरुंदवाड म्हटलं की मला पाणीच दिसतं. मोनाला कुशीत घेऊन मी तिथं निवांत झोपू शकणार नाही. कारण एवढंच आहे.

रेघा मला पाठ आहेत. पाचच्या पुराची कमरेला, एकोणीसची खांद्याला, एकवीसची त्या दोन्हींच्या मध्ये. पाणी उंबऱ्याला लागलं की मामी आधी खणा-नारळानं नदीची ओटी भरायची, माहेरवाशीण दारात आल्यासारखी. मगच घर सोडायची. तुम्ही मागून ओरडायचा की होडी थांबलीय. आणि पाणी ओसरलं की चिखल काढायच्या आधी ती कुंकवानं भिंतीवर रेघ ओढायची. मला ते सगळं माहीत आहे मामा. पण रेघा राखायला तुम्ही तिथंच थांबायला हवं असं मामीनंही म्हटलं नसतं.

बघा, त्या विषयावर लिहिलंच. आता काम बंद करायचं तर करा. पण तसं केलंत तर मी नकाशा बघून कुठलंही गाव ठरवीन आणि जन्मभर तुम्हाला दोष देईन.

तुमची,
स्वप्नाली


कुरुंदवाड, २५ फेब्रुवारी

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही. गावांचं लिहितो.

पहिल्यांदा कागल. गाव घरंदाज, सगळं मिळतं, कोल्हापूर अगदी जवळ. पण तिथं राजकारणाशिवाय वारा हलत नाही. मला नवा मतदार समजून तिघांनी चहा पाजला आणि चौथ्यानं आधीच्या तिघांची माहिती दिली. जावई तिथं राहिला तर सहा महिन्यांत कुठल्या तरी गटात असेल.

मग हुपरी. घरोघरी चांदीचे पैंजण बनतात आणि दिवसभर ठोकाठोक चालते. मला फार आवडलं, कारण मला ऐकू येत नाही. अमीन म्हणाला जावयाला कामाच्या मीटिंगमध्ये पैंजण ऐकू येतील. म्हणून सोडून दिलं.

शाहूवाडीकडं मलकापूरला गेलो. भाताची खाचरं, हवा गोड, माणसं मऊ. पण पावसाळ्यात तुझा तास काही तासात संपणार नाही. आणि एवढं आल्यासारखं गगनबावडा बघू म्हणून अमीननं हट्ट धरला, म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडंही गेलो. तुझ्या अटीत ते कशातच बसत नाही. हॉटेलवाल्याला म्हटलं, इथं घर मिळेल का? तर म्हणाला, "पावणं, घर घ्या की, पण आषाढात धुतल्याली कापडं दिवाळीला वाळत्यात, तेवढं बाईसाहेबास्नी सांगा." माणूस खरं बोलला म्हणून त्याच्याकडं दोनदा चहा घेतला.

पेठ वडगाव पण बघितलं. बरं आहे.

बाकी इकडं ठीक. यंत्र कानात घालून बघितलं. सलमाच्या कुकरची शिट्टी डोक्यात शिरली म्हणून परत काढून ठेवलं.

तुझा,
गणपतमामा


पुणे, १६ मार्च

ती. मामा,

सा. न.

मामीच्या हातचा तांबडा रस्सा तुम्ही जन्मभर ओरपलात आणि त्याला कधीही "बरं हाय" याच्यापुढं गेला नाहीत. ज्या गावाला नावं ठेवलीत त्यावर परिच्छेद लिहिले आणि वडगावला दोन शब्द दिलेत. मी धैर्यशीलला म्हटलं, गाव ठरलं.

रविवारी पहाटे निघून आम्ही वडगावला आलो. तुमच्याच पद्धतीनं, न सांगता. बाजारपेठ पायी पालथी घातली, शाळा बघितली, कोल्हापूरच्या एसटीत बसून जाऊन-येऊन बघितलं. येताना उजेड होता. चौकात एक रिक्षावाला आणि एक फळवाला जोरजोरात भांडत होते. भांडून झाल्यावर रिक्षावाल्यानं त्याच्याकडूनच केळी घेतली आणि तिथंच उभा राहून खाल्ली. तुमची परीक्षा ते गाव पास झालं.

शाळेच्या मागच्या गल्लीत चिमणाबाई म्हणून आहेत, त्यांच्या घराचा पुढचा भाग रिकामा होता. त्यांनी घर दाखवायच्या आधी आम्ही कुणाचे कोण ते सगळं काढून घेतलं. मग चहा झाला, मोनाला लाडू झाला आणि निघताना त्यांनी माझी ओटी भरली. भरल्या ओटीनं मी "विचार करून कळवते" कसं म्हणणार? घर घेतलं. मे महिन्याच्या शेवटी सामान आणतो.

तुमच्याकडं येणं त्या दिवशी झालं नाही, रागावू नका. तुम्हाला बघितलं असतं तर मी पुन्हा तोच विषय काढला असता आणि मोनासमोर आपलं भांडण झालं असतं.

तुमची,
स्वप्नाली


कुरुंदवाड, १६ मार्च

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. तुला न विचारता एक काम करून टाकलंय. पण ऐकलंस तर खूश होशील.

वडगावला परत गेलो होतो. एकदा बघून स्थळाला होकार देत नाहीत. बाजारात मागून कुणी तरी माझी मान धरली. वळून बघतो तर विजयसिंह. तरुणपणी आम्ही कोल्हापुरात एका तालमीत होतो. त्याला मी एकदा चितपट केलं होतं आणि त्यानं ते अजून मान्य केलेलं नाही. त्यानं मला घरी नेलं आणि जेवायला बसवलं. तांबडा झाला, पांढरा झाला, आणि मग म्हणाला की शेजारचं बैठं घर रिकामं पडलंय, पोरगा परदेशी गेला. मी बघितलं. तीन खोल्या, पुढं अंगण, मागं परडं, नळाला सकाळी पाणी. चौथरा उंच, आणि आसपास कुठंही नदी नाही.

मी तिथल्या तिथं बाजारात गेलो. चांगला असोला, सालीसकट नारळ आणला आणि त्याच्या हातात ठेवला. आपल्याकडं घर ठरलं की नारळ देतात, तुला माहीत आहेच. तो नारळ त्यानं देवघरात तांब्यावर ठेवला. तू उंबरा ओलांडशील तेव्हा फोडायचा. म्हटलं, घर माझ्या भाचीचं, दुसऱ्याला दाखवायचं पण नाही.

तू आता निवांत ये. तुझं गाव ठरलं.

तुझा,
गणपतमामा

ता. क. वडगावहून कुरुंदवाडला यायलाही फार त्रास नाही. अमीनच्या गाडीत दीड तासात येतो. हे उगाच लिहिलं.


पुणे, २४ मार्च

ती. मामा,

सा. न.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. तुमचं वाचून मी इतकी हसले की धैर्यशील कॉल सोडून बाहेर आला. एकाच गावात आपण दोन घरं ठरवून बसलोय. तो म्हणतो एकात जेवू, एकात झोपू.

चिमणाबाईंची ओटी मला परत करता येणार नाही. तेव्हा विजयसिंहकाकांकडून नारळ परत आणता येतो का बघा. आणि मला ठाऊक आहे तुम्हाला ते जमणार नाही. तर मग एकच वाट उरते. शब्द तुमचा आहे, तर त्या घरात तुम्ही राहा.

मामा, हे मी चिडवायला लिहीत नाही. त्या घरात जावयाचा दरवाजा नाही. तुमच्या चपला तुमच्याच दारात राहतील. भाचीच्या घरी राहिल्याचा ठपका नाही, दिवाळीची भांडणं दिवाळीलाच करू. आमच्यापासून दोन गल्ल्या अंतर आहे, मी चिमणाबाईंना फोन करून विचारून घेतलं. तुम्ही वडगावचं एवढं बघितलंत, नळ बघितला, चौथरा बघितला, कुरुंदवाडचा प्रवासही मोजलात. ते सगळं माझ्यासाठी होतं असं मी समजून चालते. पण कुरुंदवाडला जायचं-यायचं मला नाही, तुम्हाला आहे.

तुमची,
स्वप्नाली


कुरुंदवाड, २ एप्रिल

चि. स्वप्नाली,

वडगावला जाऊन आलो. नारळ परत मागितला. विजयसिंहानं मला दारातच उभं केलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "गणप्या, देवाफुडं ठेवल्याला नारळ माघारी मागतोस व्हय? घर तुझ्या नावानं ठेवलंय. तू ये, न्हायतर कुणाला तरी आण. मी दुसऱ्याला देणार न्हाय म्हंजे न्हाय." मला सगळं ऐकू आलं, यंत्र नसताना.

तो मूर्ख आहे. घर रिकामं ठेवायचं असेल तर ठेवू दे. मी कुरुंदवाड सोडणार नाही. तू फार हुशारी करतेस. पत्र इथंच संपवतो.

गणपतमामा


पेठ वडगाव, २९ जून

ती. मामा,

सा. न.

एप्रिलपासून तुमचं पत्र नाही. मे महिन्यात सामान उतरवून आम्ही कुरुंदवाडला आलो, तेव्हा तुम्ही मोनाला बत्ताशे दिलेत, धैर्यशीलशी राजकारण बोललात आणि मी जवळ आले की नदीच्या बाजूला तोंड करून बसलात. ठीक आहे. तुम्ही बोलत नाही म्हणून मी लिहायचं थांबत नाही.

आम्ही इथं रुळलो. सकाळची एसटी ठरलेली, कंडक्टर आता मला तिकीट विचारत नाही, नुसतं फाडून देतो. संध्याकाळी उतरते तेव्हा मंडईत उजेड असतो. मी भाजी घेऊन चालत घरी येते आणि मोना गल्लीच्या तोंडाशी उभी असते. एवढ्यासाठीच हे सगळं केलं होतं. महामार्गावर शिरोलीला पाणी आलं तर मी एखाद वेळी कोल्हापुरातच अडकेन, ते मी धरून चाललेय. धैर्यशीलनं वर्षाच्या बोलीचं नाव काढणं सोडलंय. परवा तर त्यानं चिमणाबाईंना दारात चाफा लावू का म्हणून विचारलं. मी गाव बरोबर निवडलं मामा. तुम्ही बघितलेलं आणि मी ठरवलेलं, असं म्हणा हवं तर.

आता पत्राचं कारण. काल विजयसिंहकाका घरी आले. कधी येत नाहीत, आणि आले ते पायात चप्पल न घालता. मला म्हणाले, चला. त्यांच्या देवघरात नेलं. तुम्ही दिलेला नारळ तांब्यावर आहे आणि त्याला हिरवा कोंब फुटलाय, बोटापेक्षा मोठा. काकूंनी त्याला हळद-कुंकू वाहिलंय. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून जातायत.

काका म्हणाले, "आता ह्यो फोडायचा न्हाय, लावायचा. आणि ज्यानं दिला त्यानंच लावायचा. मामास्नी तेवढं कळवा. मी मागं लागणार न्हाय." एवढं बोलून ते देवघराच्या उंबऱ्यावर बसले. मामा, त्या घराचं अंगण ते रोज झाडतात. त्यांचा मुलगा परत येणार नाही हे त्यांना कळलंय, असं काकू मला म्हणाल्या.

तिकडं पाणी चढतंय असं बातम्यांत सांगतात. मी रोज रात्री अमीनभाईंना फोन करते. तुम्ही फोन घ्या म्हणत नाही, पण तुम्ही काय जेवलात ते मला ठाऊक असतं.

तुमची,
स्वप्नाली


कुरुंदवाड, ६ जुलै

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद.

तुझं पत्र मी अमीनला वाचून दाखवत होतो. सलमा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "चाचा, नारळाला कळलं. तुमास्नी कवा कळायचं?" तिला द्यायचं उत्तर मी तुला लिहितो.

मी हट्टी आहे हे खरं, पण नुसता हट्ट नाही. शालू होती तोवर पाणी आलं की तिची घाई असायची. ओटीचं ताट, खण, नारळ, कुंकू. घर बुडतंय आणि ही बाई नदीला म्हणायची, आलीस, बस, पण लवकर जा. मी चिडायचो. ती गेल्यानंतर एका पावसाळ्यात पाणी गल्लीत आलं. मी ट्रंकेतून खण काढला आणि दारात उभा राहिलो. पुरुषानं ओटी भरायची नसते, आणि शालूसारखं बोलायचं कसं तेही मला येत नाही. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं नाही, चार पावलांवरून परत गेलं. मी तो खण हातात धरून तसाच उभा होतो.

मला पाण्याची भीती वाटत नाही. मी गेलो तर नदी दारात येईल आणि दाराला कुलूप असेल, ते मला सहन होत नाही. शालूनं जिला एवढं मानलं तिला कुलूप दाखवायचं, हे मला जमणार नाही. म्हणून मी इथं बसलोय. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

वडगाव तुझ्यासाठीच बघितलं होतं. पण विजयसिंहाच्या अंगणात उभा होतो तेव्हा एकदा मनात आलं, की इथं पाऊस पडला तरी झोप लागेल. ते मनात आलं म्हणून स्वतःचाच राग आला आणि तो तुझ्यावर काढला.

एक विचारतो. पाणी उंबऱ्याला लागलं की तू इथं यायचं. ओटी भरायची, आणि आत शिरलंच तर ओसरल्यावर शालूच्या रेघांच्या शेजारी रेघ ओढायची. दर वर्षी नाही, येईल त्या वर्षी. येशील का? हो म्हणालीस तर मी किल्ली सलमाकडं ठेवून येतो. नाही म्हणालीस तरी तुझा राग येणार नाही, मी इथंच राहीन.

तुझा,
गणपतमामा


पेठ वडगाव, ९ जुलै

ती. मामा,

सा. न.

येईन. रजा मिळाली तर रजा टाकून, नाही मिळाली तर न सांगता. मोनालाही आणीन, तिला ओटीचं ताट धरता आलं पाहिजे.

मामी कुठल्या रंगाचा खण घ्यायची ते लिहा. ट्रंकेतला तो खण टाकून देऊ नका. पहिल्यांदा तोच वापरू.

रविवारी अमीनभाई तुम्हाला घेऊन येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. उत्तराची वाट बघत नाही.

तुमची,
स्वप्नाली


पेठ वडगाव, २१ ऑगस्ट

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद. दोन गल्ल्यांवरून पत्र कशाला लिहितो म्हणून जावई हसेल. हसू दे. पोस्टमन म्हणाला, इथल्या पेटीत टाकलेलं पत्र आधी कोल्हापूरला जातं आणि मग परत वडगावला येतं. तू पण रोज तेच करतेस. म्हटलं, तुझ्याबरोबर एक चक्कर पत्रालाही होऊ दे.

परवा कुरुंदवाडला तू केलंस ते डोळ्यांसमोरून जात नाही. दवाखान्याच्या कपड्यातच आलीस, चप्पल काढून पाण्यात उतरलीस आणि शालूचा हिरवा खण पाण्यात सोडलास. तू पुटपुटलीस ते मला ऐकू आलं नाही, यंत्र मी इथंच विसरलो होतो. पण तुझ्या ओठांवरून कळलं. आलीस, बस, पण लवकर जा. हे मी तुला एकदाच लिहिलं होतं. मोनानं ताट सरळ धरलं होतं. पाणी उंबरा ओलांडून आत आलं नाही, सकाळपर्यंत चार पायऱ्या खाली गेलं असं सलमा सांगत होती. यंदा रेघ ओढावी लागली नाही. त्या दिवशी कुलूप लावून मी तुझ्याबरोबर गाडीत बसलो तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. झोप लागली, आणि वडगाव आल्यावर तू उठवलंस.

इथं माझं बरं चाललंय. विजयसिंह सकाळी येतो, त्या जुन्या कुस्तीचा निकाल बदलून सांगतो आणि चहा पिऊन जातो. काल जावईही आला होता. आम्ही राजकारणावरून भांडलो. तो भांडून झाल्यावर तिथंच बसून राहिला.

नारळ लावला. परड्यात, भिंतीपासून लांब, खड्ड्यात मीठ आणि राख घालून. विजयसिंहानं खड्डा खणला, मी लावला. दोघांची कंबर धरली. पहिलं पान उघडलंय. विजयसिंह म्हणाला, "गणप्या, ह्याला नारळ धराय सात-आठ वर्सं तर लागत्यात बघ." मी म्हटलं, लागू देत की, मला आता कुठं जायचंय?

तुझा,
गणपतमामा